मामाच्या मळ्यातला पालक

(या भागाचा लेखी मजकूर. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

तुम्ही लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, हॉस्टेलच्या गादीवर पडून ऐकत असाल किंवा भाजी निवडता निवडता ऐकत असाल. भाजी निवडत असाल तर फारच छान, कारण आज आपण तिच्याचबद्दल बोलणार आहोत. आणि गोष्ट सुरू होते माझ्या मामाच्या मळ्यात.

माझं आजोळ पुण्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठी. दिवाळीत गेले होते. निघताना मामी पिशवी भरायला लागल्या. मेथी, शेपू, पालक, दोन मुळे. रस्त्याच्या कडेच्या वाफ्यात पालक असा काही आला होता, की काय सांगू! हाताएवढं पान, काळपट हिरवं. मी म्हटलं, "मामी, त्यातला द्या ना."

त्या पटकन म्हणाल्या, "तो नको गं. तो मार्केटचा. हा घे, बोअरवरचा, घरी खायचा."

आणि मग आम्ही दोघी गप्प झालो. कारण त्यांच्याही लक्षात आलं आणि माझ्याही. मी पुण्यात राहते. रोज भाजी घेते ती मार्केटमधूनच. म्हणजे मामींनी ज्या पालकाला "तो नको" म्हटलं, तोच मी दोन दिवसांनी पैसे देऊन घरी आणणार होते.

आता लगेच मामा-मामींना वाईट ठरवू नका. मी पण एसटीत बसल्यावर आधी तेच केलं होतं. मग आठवडाभर वाचत बसले, दोन-तीन जाणकारांशी बोलले, मामाशी फोनवर भांडले, आणि त्यातून आजचा हा भाग तयार झाला.

हे पाणी शेतकरी घेतो तरी का?

मामाला मी हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "पोरी, पाऊस पडो न पडो, शहरातले लोक अंघोळ करायचे थांबत नाहीत. ह्या पाण्याला खाडा नाही. ह्या पाण्यावर तुझ्या भावाचं इंजिनिअरिंग झालंय."

यात खोटं काहीच नाही. सांडपाणी बारमाही असतं. त्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे खताचा खर्च वाचतो. पालक एवढा टवटवीत दिसतो तो त्या नत्रामुळेच. मेक्सिकोमध्ये मेझकितालचं खोरं आहे, तिथे मेक्सिको सिटीच्या सांडपाण्यावर शंभराहून जास्त वर्षं शेती चालू आहे. अख्खी माळरानं त्यावर हिरवी झाली. पुढे जेव्हा तिथे मोठं शुद्धीकरण केंद्र आलं, तेव्हा काही शेतकऱ्यांनीच कुरकुर केली, की आमच्या पाण्यातला कस काढून घेताय!

आणि हे दोन-चार गावांपुरतं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानं नकाशांवरून अंदाज काढला, की जगात सुमारे ३.६ कोटी हेक्टर बागायती जमीन शहरांच्या खालच्या अंगाला आहे आणि शहरी सांडपाण्यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. यात भारत आणि चीन अगदी वरच्या रांगेत. आपल्याकडचं चित्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालात दिसतं. देशातल्या शहरांमध्ये रोज सुमारे ७२,००० दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होतं सुमारे २०,००० दशलक्ष लिटर. उरलेलं कुठे जातं? नाल्यात, नदीत, आणि नदीतून मोटर लावून कुणाच्या तरी वाफ्यात.

जंतू वेगळे, धातू वेगळे

सांडपाणी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर घाण आणि जंतू येतात. ते असतातच. जुलाब, टायफॉइड, जंताची अंडी, सगळं. पण जंतूंचं एक बरं असतं. भाजी नीट धुतली, व्यवस्थित शिजवली, की ते मरतात. म्हणून अशा पाण्यावरची कोथिंबीर किंवा मुळा कच्चा खाणं हे जास्त धोक्याचं.

धातूंचं तसं नाही. कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल. हे मुळात जिवंतच नाहीत, तर मरणार कसे? उकळा, तळा, कुकरच्या पाच शिट्ट्या करा, धातू तसाच राहतो. मातीत पडला तर तो कुजतही नाही. एकदा आला की मुक्कामाला.

आणि हे येतात कुठून? आपल्या घरातल्या मोरीतून थोडेच येतात. मोठा वाटा असतो तो लोखंडावर मुलामा देणारे छोटे कारखाने, बॅटऱ्या फोडणारे आणि वितळवणारे, रंग, चामडं कमावण्याचे उद्योग, भंगार यांचा. एखाद्या शेडमधलं पाणी रात्री गुपचूप गटारात सोडलं, की ते सगळ्या शहराच्या मैलापाण्यात मिसळतं. शिवाय रस्त्यावरची धूळ असते. आणि हो, नुसतं सांडपाणीच नाही, काही स्फुरदयुक्त खतांमध्येही मुळातच थोडं कॅडमियम असतं.

तुम्ही म्हणाल, शुद्धीकरण केंद्र आहे ना! तर गंमत अशी आहे की मैलापाण्याची साधी केंद्रं बांधलेली असतात ती सेंद्रिय घाण खायला. तिथे जीवाणू ती घाण खातात. धातू ते खात नाहीत. धातूंचा बराचसा भाग खाली बसणाऱ्या गाळात जातो, उरलेला पाण्याबरोबर पुढे. आणि तो गाळ खत म्हणून शेतात टाकला, की फिरून तिथेच! केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे जे नियम २०१७ साली आले, त्यात सामू, सेंद्रिय भार, तरंगते कण आणि विष्ठेतले जीवाणू मोजायला सांगितलंय. धातूंचा आकडा त्या यादीत नाही.

याचं मोठं उदाहरण म्हणजे कानपूरचं जाजमऊ. तिथे चामडं कमावण्याचे शेकडो कारखाने, आणि चामडं कमावायला लागतं क्रोमियम. गंगा कृती योजनेत १९९०च्या दशकात तिथे दिवसाला ३.६ कोटी लिटरचं केंद्र उभं राहिलं. ९० लाख लिटर कारखान्यांचं पाणी, बाकीचं शहराचं मैलापाणी, दोन्ही एकत्र करून शुद्ध करायचं आणि आसपासच्या गावांना शेतीसाठी द्यायचं. कागदावर केवढी छान कल्पना! पण क्रोमियम पूर्ण निघालं नाही, आणि वर्षानुवर्षं ते शेतात साठत गेलं. कारखान्याचं पाणी एकदा मैलापाण्यात मिसळलं की मग ते वेगळं काढणं फार अवघड, हा त्यातला धडा.

थेंबे थेंबे

आता एक छोटं गणित करू. घाबरू नका, तोंडी होईल.

जागतिक अन्न व कृषी संघटनेनं सिंचनाच्या पाण्यासाठी कॅडमियमची शिफारस केलेली मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ नाहीच म्हणा ना. असं "मर्यादेतलं" पाणी तुम्ही एका हेक्टरला वर्षभर दिलं. भाजीपाल्याला समजा वर्षाला एक कोटी लिटर. तर त्या एका हेक्टरवर पडलं १०० ग्रॅम कॅडमियम. मूठभर. आता हेक्टरभर जमिनीचा वरचा वीतभर थर धरला तर त्याचं वजन साधारण २० लाख किलो. म्हणजे किलोमागे वर्षाला ०.०५ मिलिग्रॅमची भर. काहीच नाही.

पण वीस वर्षांनी ती भर होते किलोमागे १ मिलिग्रॅम. आणि प्रदूषण नसलेल्या मातीत कॅडमियम मुळात साधारण एक मिलिग्रॅमपेक्षा कमीच असतं. म्हणजे नियमात बसणारं पाणी देऊनसुद्धा एका पिढीत तुम्ही जमिनीचा स्वभाव बदलून टाकलात. पाणी नियमाबाहेरचं असेल तर हिशोब तुम्हीच करा.

मातीतून ते पिकात किती जातं, हे मात्र तीन गोष्टींवर ठरतं.

पहिली, धातू कोणता. कॅडमियम सगळ्यात चलाख. ते जस्तासारखं दिसतं, म्हणून झाडाची मुळं जस्त समजून त्याला आत घेतात आणि ते थेट पानापर्यंत पोचतं. शिसं मातीला घट्ट चिकटून राहतं, मुळातून वर फारसं चढत नाही. ते भाजीवर येतं ते धुळीतून, वरून. क्रोमियमही बरंचसं मुळातच अडकतं.

दुसरी, पीक कोणतं. पालेभाज्या सगळ्यात जास्त ओढतात. पालक, माठ, चुका वगैरे. मुळा-गाजरासारखी कंदमुळं त्याखालोखाल. शेंगा आणि वेलीवरची फळं, म्हणजे घेवडा, गवार, दोडका, काकडी, यांत साधारणपणे कमी. झाड पानाला जेवढं देतं तेवढं फळाला आणि बीला देत नाही.

तिसरी, माती कशी. आंबट, म्हणजे आम्लधर्मी जमिनीत कॅडमियम मोकळं सुटतं. चुनखडीच्या, क्षारधर्मी जमिनीत ते बांधलेलं राहतं. आणि इथे आपलं नशीब थोडं बरं आहे. दख्खनच्या काळ्या जमिनी बहुतेक करून चुनखडीयुक्त आणि क्षारधर्मी असतात. म्हणजे मामाच्या जमिनीत कॅडमियम असलं तरी ते पूर्ण मोकाट सुटलेलं नसणार. कोकणातल्या आंबट तांबड्या मातीत तेवढंच पाणी दिलं तर गोष्ट वेगळी होईल. पण हे सगळ्यांनाच लागू नाही हं. क्रोमियमचं जे जास्त विषारी रूप असतं ते क्षारधर्मी जमिनीतच जास्त हिंडतं. म्हणून "आमची जमीन काळी आहे, आम्हाला काही होत नाही" असं म्हणून गादीवर लोळायचं नाही.

जपानमधल्या त्या बायका

आता जरा लांब जाऊ. जपानमध्ये तोयामा नावाचा प्रांत आहे, तिथून जिंझू नदी वाहते. नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात कामिओका नावाची जस्त-शिशाची खाण होती, मित्सुई कंपनीची. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम येतंच. खाणीचं सांडपाणी नदीत, नदीचं पाणी भातखाचरांत, आणि भात ताटात. अनेक दशकं.

मग त्या खोऱ्यातल्या बायकांना एक विचित्र दुखणं सुरू झालं. आधी कंबर, मांड्या. मग हाडं इतकी ठिसूळ, की खोकल्यानं बरगडी मोडावी. त्या कळवळून म्हणायच्या, "इताई, इताई." म्हणजे "दुखतंय गं, दुखतंय." रोगाला नावच पडलं ते, इताई-इताई.

जास्तीत जास्त रुग्ण कोण होते माहितीये? चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या, तीन-चार बाळंतपणं झालेल्या, आयुष्यभर त्याच खोऱ्यातला भात खाल्लेल्या बायका. गावात कुजबुज चालायची, की हा शाप आहे, हा घराण्याचा दोष आहे. लोक दुखणं लपवायचे. सून मिळणार नाही म्हणून लपवायचे, तांदूळ विकला जाणार नाही म्हणून लपवायचे. ओळखीचं वाटतंय ना?

तिथे हागिनो नोबोरू नावाचे एक डॉक्टर होते, गावातच दवाखाना. त्यांनी नकाशावर रुग्णांची घरं मांडली, तर ती सगळी नदीच्या पाण्यावरच्या शेतांच्या पट्ट्यात. त्यांनी बोट खाणीकडे दाखवलं. त्यांना खूप टीका सोसावी लागली. पण १९६८ साली जपान सरकारनं अधिकृतपणे मान्य केलं, की या रोगाचं कारण खाणीतून आलेलं कॅडमियम. त्याच वर्षी लोक कोर्टात गेले. १९७१ला जिंकले, कंपनीनं अपील केलं, १९७२ला पुन्हा जिंकले.

आणि आता खरा मुद्दा ऐका. खटला जिंकल्यावर नदी सुधारता आली, पण माती? धातू तर तिथेच बसलेला. मग वरची माती हलवून तिच्यावर नवी माती घालायचं काम १९७९च्या सुमारास सुरू झालं. साडेआठशेहून जास्त हेक्टर. ते संपलं २०१२ साली. तेहतीस वर्षं! मी जन्मायच्या आधी सुरू झालेलं काम, मी कॉलेजात असताना संपलं.

ती खाण आता बंद आहे. तिच्या पोटात न्यूट्रिनो पकडणारी सुपर-कामिओकांदे ही प्रसिद्ध प्रयोगशाळा आहे, नोबेलपर्यंत पोचलेली. विज्ञानाच्या मुलांनी नाव ऐकलं असेल. तिच्या खालच्या खोऱ्याची ही गोष्ट मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

आपल्या शरीरात काय होतं?

लगेच गुगल करून घाबरू नका. इताई-इताई हा टोकाचा प्रकार होता. आपल्या पालकानं उद्या कुणाची बरगडी मोडणार नाही. पण हळूहळू काय होऊ शकतं ते माहीत हवं.

कॅडमियम शरीरात गेलं की ते मुख्यतः मूत्रपिंडात जाऊन बसतं, आणि तिथून निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. म्हणजे विशीत खाल्लेलं पन्नाशीत पण सोबत असतं. मूत्रपिंडाची गाळणी बिघडते, कॅल्शियम वाया जातं, हाडं कमकुवत होतात. कर्करोगाचं सिद्ध कारण म्हणूनही त्याची नोंद आहे. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनो, तंबाखूचं पान कॅडमियम ओढण्यात पालकाच्या तोडीचं आहे. तुम्ही रोज वेगळा हप्ता भरताय.

शिशाचा सगळ्यात मोठा फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो. त्याचं "एवढं चालेल" असं प्रमाणच नाही. आधी एक मर्यादा होती. २०१० साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं ती मागेच घेतली, कारण सुरक्षित म्हणावा असा आकडाच सापडेना.

त्याच समितीनं कॅडमियमसाठी मात्र मर्यादा दिली. शरीराच्या दर किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. माझ्या आईचं वजन ५० किलो. म्हणजे तिला महिन्याला १२५०, दिवसाला साधारण ४०. आता पालेभाजीत किती कॅडमियम चालतं याची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. जुडी अगदी त्या मर्यादेवर असेल, तर २०० ग्रॅम पालक खाल्ला की आईचा दिवसाचा कोटा संपला. अजून भात, पोळी, डाळ मोजलीच नाही.

रोज कोणी २०० ग्रॅम पालक खात नाही, मान्य. एका दिवसानं काही होतही नाही, हा हिशोब वर्षानुवर्षांचा असतो. पण जुडी मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असेल आणि घर रोज त्याच मळ्यातली भाजी खात असेल, तर? आणि अशी घरं कोणाची असतात? नाल्याकाठी राहणाऱ्यांची, स्वस्त जुडी बघून घेणाऱ्यांची, आणि स्वतः शेत कसणाऱ्यांची.

यात अजून एक गोष्ट आहे, जी वाचून मी खरंच थांबले. शरीरात लोह कमी असेल तर आतडं जास्त कॅडमियम शोषून घेतं. लोहाची वाट मोकळी असते, तिथून हे आत घुसतं. आणि २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. आता बघा. डॉक्टर सांगतात, "रक्त कमी आहे, पालेभाज्या खा." ती बाई पालेभाजी आणते. तिच्याच शरीरात त्यातलं कॅडमियम सगळ्यात सहज शिरतं. जपानमध्ये बायकाच जास्त का आजारी पडल्या, याच्या कारणांपैकी हे एक मानलं जातं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट. पालेभाजी सोडू नका. प्लीज. हा भाग ऐकून कोणी पालकाऐवजी वडापाव खायला लागलं तर मला पाप लागेल. पालेभाजीचे फायदे खरे आहेत, तिची गरज खरी आहे.

दुसरं, भाजी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा नीट धुवा. पानावर बसलेली धूळ आणि तिच्यातलं शिसं बरंच निघतं. पानाच्या आत शिरलेलं कॅडमियम मात्र मिठानं, व्हिनेगरनं, बेकिंग सोड्यानं, कशानंही निघत नाही. तशी रील दिसली तर पुढे सरका. मुळा-गाजराची साल काढा.

तिसरं, एकाच ठिकाणची एकच भाजी रोज नको. भाजीवाले बदला, भाज्या बदला. मेथी, शेवगा, घेवडा, दोडका, फिरवत राहा. शेवग्याचा पाला तर बांधावरच्या झाडाचा असतो.

चौथं, घरातल्या बायकांचं रक्त तपासा आणि लोह भरून काढा. हे तसंही करायलाच हवं. आता अजून एक कारण मिळालं.

पाचवं, रंग-वासावरून ओळखायच्या फंदात पडू नका. धातू दिसत नाही, चव लागत नाही. उलट सांडपाण्यावरची जुडीच जास्त देखणी असते.

पण खरं सांगू? हे सगळं आपल्या बाजूचं झालं. यातलं काहीही नळ बंद करत नाही. कारखान्याचं पाणी कारखान्यातच स्वच्छ होऊन बाहेर यायला हवं, मैलापाण्यात मिसळायच्या आधी. एवढी एक गोष्ट झाली, तर उरलेलं सांडपाणी शेतीला चांगलंच आहे. नत्र आहे, पाणी आहे. मामाचं म्हणणं मग शंभर टक्के बरोबर ठरेल.

मामाशी फोनवर

आता भांडणाचं सांगते. मी हे सगळं वाचून मामाला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझी माती तपासलेली आहे. कार्ड आहे माझ्याकडे. सगळं चांगलं आलंय." मी म्हटलं, फोटो पाठव. पाठवला. मृदा आरोग्य पत्रिका. त्यात बारा गोष्टी होत्या. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला काय कमी पडतंय ते सांगणारं कार्ड आहे ते. कॅडमियम आणि शिसं त्यात नाहीच. म्हणजे मामा खोटं बोलत नव्हता. त्याला जे विचारायचं होतं ते त्या कार्डानं कधी तपासलंच नव्हतं.

मग मी अजून एक नको ते बोलले. म्हटलं, "मामा, ते बोअर. ते पण त्याच रानात आहे ना? वरून तेच पाणी मुरतंय वीस वर्षं. घरचा पालक तरी चांगला कशावरून?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि तपासलं, आणि निघालं काही, तर? तू सांगशील रेडिओवर. व्यापारी माझा माल उचलणार नाही. शेजारच्याचा उचलतील, त्यानं तपासलं नाही म्हणून. मग?"

मंडळी, माझ्याकडे याला चटकन उत्तर नव्हतं. अजूनही नाही. जिंझूच्या काठचे लोक दुखणं का लपवत होते, ते मला तेव्हा नीट कळलं.

पण त्या गोष्टीचा एक भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. १९७२ साली खटला जिंकल्यावर तिथल्या लोकांनी नुकसानभरपाई तर घेतलीच, पण अजून एक करार लिहून घेतला. गावकरी तज्ज्ञांना बरोबर घेऊन खाणीत जातील, आत शिरून पाहणी करतील, आणि त्याचा खर्च कंपनी देईल. तेव्हापासून ते दरवर्षी जातात. पहिल्या पिढीतले गेले, त्यांची मुलं जायला लागली. नदीतलं कॅडमियम उतरत उतरत निसर्गात असतं तेवढ्यावर आलं. आणि हे एकट्यादुकट्या शेतकऱ्यानं केलं नाही. एकट्यानं केलं असतं तर तो मामासारखाच अडकला असता. सगळं खोरं एकत्र आलं, म्हणून कोणा एकाचाच तांदूळ बदनाम झाला नाही.

मी मामाला हेच सांगितलं. तुझं एकट्याचं नको. वस्तीवरच्या दहा-बारा जणांचं मिळून करू. नदीचं पाणी, बोअरचं पाणी, माती आणि पालक, चारही नमुने. प्रयोगशाळेत गेल्यावर "माती तपासा" एवढंच म्हणायचं नाही. "जड धातू तपासा, कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल" असं नाव घेऊन सांगायचं. आणि जमिनीत काही निघालं, तर पालकाऐवजी तिथे झेंडू, गुलछडी घेता येते, ऊस घेता येतो, घेवडा-दोडका घेता येतो. तो म्हणाला, "पालक महिन्या-सव्वा महिन्यात पैसे देतो, ऊस वर्षानं." बरोबर आहे. म्हणूनच हा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. पाणी घाण करणारा वरच्या अंगाला बसलाय आणि पीक बदलायचं मामानं, हा कुठला न्याय?

गेल्या रविवारी मामाचा फोन आला. सात जण तयार झालेत. नमुन्यांचा खर्च वर्गणीतून, माझीही वर्गणी धरलीये. मागून मामींचा आवाज आला, "तिला सांगा, बोअरच्या पाण्याची बाटली मी आधीच भरून ठेवलीये."

निकाल आला की मी तुम्हाला सांगेन. गावाचं नाव सांगणार नाही, आकडे सांगेन, जे येतील ते. चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.

तोपर्यंत एक काम तुमच्याकडे. तुमच्या गावाला, आजोळी, कोणाच्या शेतात असं पाणी येत असेल, तर या सुट्टीत त्यांच्या मृदा आरोग्य पत्रिकेचा फोटो काढा आणि बघा त्यात काय नाही ते. मग त्यांच्याशी बोला. भांडू नका माझ्यासारखं. आणि शहरात राहत असाल, तर आपल्या वॉर्डातल्या नाल्याला कुठली शेड रात्री काय सोडते, हे विचारायला सुरुवात करा. शेवटी मामाच्या वाफ्यात जे पाणी येतं ते आपल्याच गल्लीतून निघालेलं असतं.

आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर घरच्यांच्या ग्रुपवर टाका, खास करून जी व्यक्ती रोज भाजी आणते तिला. तुमचे अनुभव खाली लिहा, मी सगळे वाचते. पुन्हा भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नीट खा, धुऊन खा, आणि पालेभाजी सोडू नका. नमस्कार!